टाचेचं हाड वाढलंय म्हणतात, पण दुखणं तिथलं वाटत नाही : पायाच्या न उलगडलेल्या दुखण्याबद्दल

मीठभाकर

मोठ्या बहिणीच्या पायाबद्दल या मंचावरच्या जाणकारांचं मत हवं आहे. वय ५२. पोळी-भाजी केंद्रात काम, रोज सात-आठ तास शहाबादी फरशीवर अनवाणी उभं राहणं. मधुमेह सहा वर्षं, मेटफॉर्मिन चालू, पूर्ण शाकाहारी.

उजवा तळपाय आठ महिने दुखतोय. एक्स-रेत टाचेला काटा दिसला, म्हणून 'हाड वाढलंय' असं निदान. यूरिक अॅसिड नॉर्मल. जेलची टाचपट्टी, वेदनाशामक गोळ्या, टाचेत एक स्टेरॉइडचं इंजेक्शन, एवढं सगळं झालं. इंजेक्शननं थोडे दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. आता दुसरं इंजेक्शन सुचवलंय. ते घ्यावं का, आणि त्याआधी काय तपासून घ्यावं?

तळपाय

दुसऱ्या इंजेक्शनाआधी दुखणं नेमकं कुठलं ते ठरू द्या. टाचेचा काटा अजिबात न दुखणाऱ्या कित्येक टाचांतही सापडतो, त्यामुळे तो दिसला म्हणून दुखण्याचं कारण सापडलं असं होत नाही. एका पायात २६ हाडं, तेहतीसेक सांधे, त्यांच्या मधून जाणाऱ्या शिरा आणि स्नायुबंध. एक्स-रे त्यातली फक्त हाडं दाखवतो.

ताईंकडून एवढं विचारून घ्या.

एका बोटाच्या टोकानं दुखरी जागा दाखवता येते का? टाचेच्या आतल्या कडेला, तळाशी, एका ठिकाणी दाबलं की कळ येत असेल तर प्लँटार फॅशियाचा, म्हणजे टाचेपासून बोटांकडे जाणाऱ्या तळव्याच्या जाड पट्ट्याच्या दुखण्याचा, संशय घट्ट होतो. तळव्यावर अख्खा हात फिरवून 'इथे सगळीकडे' म्हणत असतील तर मज्जातंतूकडे बघायला हवं.

सकाळचं पहिलं पाऊल कसं पडतं? फॅशियाचं दुखणं उठल्याउठल्या सगळ्यात जास्त, पाच-दहा मिनिटं चाललं की सैल पडतं, बराच वेळ बसून उठलं की पुन्हा तसंच. टाचेखालची चरबीची गादी झिजली असेल तर टाचेच्या बरोबर मध्यावर दुखतं, कडक फरशीवर वाढतं आणि जाड चप्पल घातली की लगेच कमी होतं. संध्याकाळपर्यंत वाढत जाणारं आणि अंथरुणात पडल्यावरही न थांबणारं दुखणं या दोन्हींत बसत नाही.

टाचेचं हाड दोन्ही बाजूंनी तळहातांत धरून दाबा. त्यानं कळ आली तर हाडाला सूक्ष्म तडा असू शकतो. पहिले दोन-तीन आठवडे तो साध्या एक्स-रेत बरेचदा दिसत नाही.

शेवटचं, आतल्या घोट्याच्या हाडामागे, घोटा आणि टाच यांच्या मधल्या खोलगट जागेवर बोटानं आठ-दहा वेळा टकटक करा. तळव्यात मुंग्या किंवा झिणझिणी जाते का ते विचारा.

मीठभाकर

विचारलं. एक बोट ठेवता येत नाही, टाचेच्या आतल्या बाजूपासून तळव्याच्या कमानीपर्यंत आग होते म्हणते. सकाळी थोडंच दुखतं, दुपारनंतर वाढतं, रात्री पाय पांघरुणाबाहेर काढावा लागतो. हाड दाबून काही झालं नाही. टकटक केल्यावर मात्र झिणझिणी थेट अंगठ्यापर्यंत गेली. डाव्या पायाला तसं काही होत नाही, पण डाव्याचीही बोटं कधीकधी बधिर वाटतात.

घोटा

ही माहिती आधी मिळाली असती तर पहिलं इंजेक्शनही कदाचित टळलं असतं. वर्णन टार्सल टनेलकडे बोट दाखवतंय.

आतल्या घोट्यामागे एक अरुंद बोगदा आहे. त्यातून तीन स्नायुबंध, धमनी, अशुद्ध रक्तवाहिन्या आणि पोस्टीरियर टिबियल ही तळव्याची मुख्य नस (मज्जातंतू) जाते. वरून कडक पट्ट्याचं झाकण. आत कशामुळेही दाटी झाली की नस चेपते. गँग्लियनची गाठ, फुगलेल्या अशुद्ध रक्तवाहिन्या, स्नायुबंधाची सूज, बसलेली कमान, जुनं फ्रॅक्चर, यांपैकी काहीही कारण असू शकतं. दिवसभर उभं राहिलं की रक्तवाहिन्या फुगतात, म्हणून संध्याकाळी वाढणारं दुखणं इथे जुळतं. टाचेकडे जाणारी फांदी बऱ्याच जणांत बोगद्याच्या वरच फुटते, त्यामुळे टाच कधी दुखते, कधी सुटते.

अजून एक चाचणी करता येते. पाऊल वर ओढा, बाहेरच्या बाजूला वळवा, सगळी बोटं वर ताणा आणि पाच ते दहा सेकंद तसंच धरा. नेहमीची आग उमटली तर संशय पक्का होतो.

पुढच्या तपासण्यांत दोन चुका हमखास होतात. पहिली एनसीव्हीची, म्हणजे नसांचा वेग मोजणाऱ्या चाचणीची. नेहमीच्या एनसीव्हीत पायाच्या मोठ्या नसा तपासतात, तळव्याच्या मीडियल आणि लॅटरल (आतल्या आणि बाहेरच्या बाजूच्या) प्लँटार नसा वेगळ्या सांगितल्याशिवाय बघत नाहीत. चिठ्ठीवर तसं लिहून घ्या, आणि दोन्ही पायांची करा, नाहीतर तुलना कशाशी करणार? एनसीव्ही नॉर्मल आली म्हणून टार्सल टनेल नाहीच, असंही नाही. दुसरी चूक एमआरआयची. 'पायाचा एमआरआय' एवढंच लिहिलं तर कधी घोटा निघतो, कधी बोटांकडचा भाग, आणि दुखरी जागा चौकटीबाहेर राहते. इथे घोटा आणि मागचं पाऊल हवं. दुखऱ्या जागेवर त्वचेला खुणेची गोळी चिकटवायला सांगा.

सोनोग्राफीही उपयोगी आणि स्वस्त. बोगद्यातली गाठ आणि फुगलेल्या वाहिन्या तीत दिसतात, त्याच बैठकीत फॅशियाची जाडी मोजता येते. ४ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर फॅशियाचाही वाटा आहे असं समजायचं. दोन्ही दुखणी एकत्र असणं दुर्मीळ नाही.

इंजेक्शनाबद्दल : टाचेत वारंवार स्टेरॉइड दिल्यानं फॅशिया फाटण्याची आणि चरबीची गादी पातळ होण्याची जोखीम असते. पहिल्याचा गुण टिकला नाही आणि निदानच डळमळीत आहे, तेव्हा दुसरं आत्ता नको.

शुश्रूषा

डाव्या पायाची बोटं बधिर होतात हे वाक्य शेवटी आलंय, पण मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. बोगद्यातला दाब एका पायात असेल. दोन्ही पायांत बोटांच्या टोकांपासून चढणारी बधिरता हे मधुमेहाच्या किंवा बी-१२ च्या कमतरतेच्या न्यूरोपथीचं (नसांच्या आजाराचं) लक्षण. आधीच कमजोर झालेली नस थोड्या दाबानंही बोलायला लागते, म्हणून दोन्ही एकत्र तपासा.

मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत बी-१२ घटतं, त्यात आहार शाकाहारी. रक्तातलं प्रमाण २०० पिकोग्रॅमच्या खाली म्हणजे कमतरता. २०० ते ३०० च्या मधे आलं तर होमोसिस्टीन किंवा मिथाइलमॅलोनिक अॅसिड बघून ठरवतात. ताईंनी अलीकडे 'ताकदीची' लाल इंजेक्शनं घेतली असतील तर आकडा फुगलेला येईल, ते डॉक्टरांना आधी सांगा. नसांसाठी म्हणून मिळणाऱ्या गोळ्यांच्या पाकिटामागे बी-६ किती आहे तेही वाचा. बी-६ मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतलं तर त्यानंच न्यूरोपथी होते.

सोबत एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर), टीएसएच (थायरॉइड), क्रिएटिनीन आणि ड जीवनसत्त्व. क्रिएटिनीन यासाठी की मधुमेहात महिनोन्महिने वेदनाशामक गोळ्या किडनीला झेपत नाहीत. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची आठवड्याची गोळी बरेच जण कोर्स संपला तरी मनानेच घेत राहतात. तसं करू नका, कॅल्शियम वाढून वेगळंच दुखणं मागे लागतं.

तळव्याची संवेदना १० ग्रॅमच्या मोनोफिलामेंटनं (नायलॉनच्या तंतूनं) आणि १२८ हर्ट्झच्या ट्यूनिंग फोर्कनं तपासून घ्या. मधुमेहाच्या कुठल्याही बऱ्या दवाखान्यात दोन्ही असतं, पाच मिनिटांचं काम.

आणि गरम विटेवर रुईची पानं ठेवून टाच शेकणं ताबडतोब बंद, चालू असेल तर. बधिर तळव्याला भाजलेलं कळत नाही. फोड येतो, त्याची जखम होते, ती चिघळते, आणि मग बोट वाचवायची वेळ येते. बर्फाच्या बाटलीवर पाय फिरवण्यालाही हेच लागू.

मीठभाकर

रुईचा शेक चालूच होता. आज बंद करायला सांगतो.

पावसाळा

धागा वाचून विचारतोय. भावाचं वय २६, दोन्ही टाचा दुखतात, मागच्या बाजूला जाड शिर चिकटते तिथे जास्त. मधुमेह नाही, वजनही नाही. फरशी आणि चप्पल सगळं बदलून झालं.

गोदाकाठ

पाठ कशी आहे ते विचारा. पहाटे कंबर दुखून जाग येते का, उठल्यावर अर्ध्या तासापेक्षा जास्त आखडलेली असते का, आणि आरामानं वाढून हालचालीनं कमी होते का? चाळिशीच्या आत दोन्ही टाचा आणि अशी कंबर म्हणजे स्पाँडिलायटिसच्या गटातला संधिवात असू शकतो. त्यात स्नायुबंध हाडाला चिकटतात तिथे सूज येते, टाच ही त्याची आवडती जागा. सोरायसिस, डोळा लाल होऊन दुखणं, वारंवार जुलाब, घरात कुणाला असाच त्रास, हेही विचारा.

तपासण्या : सीआरपी आणि ईएसआर (शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्तचाचण्या), एचएलए-बी २७ हे जनुक आणि माकडहाडाजवळच्या सॅक्रोइलियाक सांध्यांचा एमआरआय. सीआरपी नॉर्मल असूनही आजार असतो. एचएलए-बी २७ निरोगी माणसांतही सापडतं, एकट्या त्यावरून निदान होत नाही. ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे (संधिवाततज्ज्ञाकडे) जा, हाडांच्या दवाखान्यात यात वर्षं जातात.

अलीकडे सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन घेतलं होतं का? या गटातली औषधं टाचेमागच्या त्या जाड शिरेला इजा करतात, कधीकधी कोर्स संपल्यानंतरही. आणि ताप येऊन गेल्यावर दुखणं सुरू झालं असेल तर चिकुनगुनिया आठवा. २००६ च्या साथीत आपल्याकडे लोकांनी ते भोगलं आहे, घोटे आणि पावलं महिनोन्महिने धरून राहतात.

बांध

शेतात काम करणाऱ्यांसाठी एक भर घालतो. बाभळीचा काटा रुतून आत तुटला की वरची जखम भरते आणि आठवड्यांनी तिथेच सूज, ठणका सुरू होतो. काटा सांध्यात किंवा स्नायुबंधाच्या आवरणात असेल तर संधिवातासारखंच दिसतं. लाकूड एक्स-रेत दिसत नाही. सोनोग्राफीत दिसतं. डॉक्टर 'काही रुतलं होतं का' हे विचारतीलच असं नाही, त्यामुळे आपणच सांगायचं. प्रतिजैविकांनी सूज उतरून पुन्हा पुन्हा येत असेल तर आत काहीतरी आहे असंच धरा.

घोटा

बांध यांनी चांगली आठवण केली. पुढच्या पावलाचंही थोडं इथेच सांगतो.

तिसऱ्या आणि चौथ्या बोटाच्या मधे खडा अडकल्यासारखं वाटतं, निमुळत्या बुटात वाढतं, बूट काढून बोटं चोळली की थांबतं, ते मॉर्टनचं न्यूरोमा, म्हणजे बोटांमधली जाड झालेली नस. दुसऱ्या-तिसऱ्या बोटाच्या मागे, पावलाच्या वरच्या बाजूला, चालणं एकदम वाढवल्यानंतर आलेली कळ आणि सूज म्हणजे हाडाचा तडा असू शकतो. वारीला सराव न करता गेलेल्यांत हे होऊ शकतं. घोट्याच्या पुढे, पावलाच्या चढावर सगळ्यात उंच जागी एका बोटानं दाबून दुखत असेल तर तिथल्या नॅव्हिक्युलर हाडाला तडा असू शकतो. त्याला रक्तपुरवठा कमी, म्हणून संशय आला की वजन टाकणं थांबवून एमआरआय किंवा सीटी करायचं. तडा निघाला तर साधारण सहा आठवडे त्या पायावर भार नाही.

आतल्या घोट्यामागे सूज आणि कमान खचत चालली असेल तर एका पायावर टाच उचलायला सांगा. उचलता येत नसेल किंवा उचलताना टाच आत वळत नसेल तर कमान धरून ठेवणारा टिबियालिस पोस्टीरियर स्नायुबंध थकलाय. फक्त रात्री ठणकणारं, आयबुप्रोफेनच्या एका गोळीनं पूर्ण थांबणारं तरुण माणसाचं दुखणं असेल तर ऑस्टिऑइड ऑस्टिओमा (हाडातली छोटी, कर्करोगाची नसलेली गाठ) मनात ठेवून सीटी करावा.

पायाचा एक्स-रे नेहमी उभं राहून, भार टाकून काढायचा. झोपून काढलेल्या एक्स-रेत खचलेली कमान छान दिसते.

गोदाकाठ

पावलात दुखतं पण बिघाड वर, हेही राहायला नको. पोटरी, कुल्ला, कंबर यांतून उतरणारी कळ, खोकल्यावर वाढणं : पावलाची बाहेरची कड आणि तळवा असेल तर कंबरेतून निघणारी एस-१ नस, पावलाचा वरचा भाग आणि अंगठा असेल तर एल-५ नस. अशा वेळी कंबर तपासा, पावलावर खर्च नको.

ठरावीक अंतर चाललं की पोटरी भरून येणं, थांबलं की उतरणं, आणि पुढे रात्री पाय खाली लोंबकळत ठेवावा लागणं हे रक्तपुरवठ्याचं लक्षण. बिडी-सिगारेट ओढणाऱ्या तरुणांतही दिसतं. घोटा आणि दंड यांच्या रक्तदाबाचं गुणोत्तर ०.९ च्या खाली आलं तर धमन्या अरुंद आहेत. मधुमेहात धमन्या कडक होऊन ते खोटं जास्त येतं, १.४ च्या वर आलं तर समाधान मानू नका, डॉप्लर (रक्तप्रवाहाची सोनोग्राफी) करा.

टीबीचं औषध चालू असेल तर आयसोनियाझिडमुळे तळवे जळतात, सोबत पायरिडॉक्सिन (बी-६) दिलंय का बघा. आणि फिकट, बधिर चट्टा किंवा घोट्यामागे हाताला लागणारी जाड नस असेल तर कुष्ठरोग तपासून घ्या. पोस्टीरियर टिबियल नसच त्यात बरेचदा सापडते. सरकारी आरोग्य केंद्रात औषध मोफत मिळतं आणि वेळेवर घेतलं तर पाय शाबूत राहतो. लाजण्यासारखं यात काहीच नाही.

चर्मकला

ताईंच्या पादत्राणांबद्दल. कामावर अनवाणी उभं राहणं आधी थांबवा. स्वयंपाकघराची अडचण असेल तर फक्त तिथे वापरायची वेगळी चप्पल ठेवा.

वर १० ते १२ मिलिमीटरचा एमसीआर (बारीक छिद्रांचं मऊ रबर), खाली टणक तळ, मागे पट्टा. पट्टा नसला की चप्पल धरून ठेवायला बोटं आवळली जातात आणि बधिर पायातून ती निसटलेली कळतही नाही. अंगठ्याचा खुंटा नको. टाच पंज्यापेक्षा दीड-दोन सेंटिमीटर उंच. कोल्हापुरी दिसते देखणी, पण सपाट आणि कडक, या पायाला सध्या नको. एमसीआर अंगठ्यानं दाबून बघायचा : दबून परत येत नसेल तर बदलायची वेळ झाली. रोजच्या उभ्या कामात तो लवकर बसतो.

कमानीचा कडक उंचवटा इथे उलट त्रास देईल, नस तिथेच चेपते. टाच आत कलत असेल तर टाचेखाली आतल्या बाजूला ३-४ मिलिमीटरची मऊ पाचर द्यायची. नुसतं जेल टाचेखाली घालून बोगद्यावरचा ताण जात नाही.

न्यूरोमावाल्यांसाठी : पंज्याची गादी पंज्याच्या हाडांच्या पुढच्या टोकांच्या मागे, टाचेच्या बाजूला बसवतात, बरोबर खाली नाही. खाली बसवली की दुखणं वाढतं आणि लोक म्हणतात गादीचा उपयोग नाही.

ओट्यापाशी १५-२० मिलिमीटरची रबरी चटई टाका आणि वीतभर उंचीचा पाट ठेवून आलटून पालटून एकेक पाय त्यावर घ्या.

तळपाय

व्यायामाचं वेगळं सांगायला हवं, कारण फॅशियाचा व्यायाम नसेच्या दुखण्यात सरसकट केला तर आग वाढते. बोटं वर ओढून ताण धरणं आणि बाटलीवर तळवा रगडणं ताईंनी सध्या करू नये.

पोटरी सैल करणं चालेल. भिंतीला हात टेकून मागचा पाय, टाच जमिनीला, एकदा गुडघा सरळ आणि एकदा वाकवून, ३० सेकंद, तीनदा. नस सरकवण्यासाठी खुर्चीवर बसून गुडघा हळू सरळ करताना पाऊल वर, खाली आणताना पाऊल सैल. १० ते १५ वेळा, दिवसातून दोनदा, शेवटी थांबून ताणायचं नाही. झिणझिणी नंतरही रेंगाळली तर निम्मं करा.

ज्यांना खरंच फॅशियाचं आहे त्यांच्यासाठी : अंथरुणातून उतरण्याआधी बोटं वर ओढून १० सेकंद, दहा वेळा, दिवसातून तीनदा. दिवसाआड पायरीवर, बोटांखाली टॉवेलची वळकटी ठेवून, टाच ३ सेकंदांत वर, २ सेकंद धरून, ३ सेकंदांत खाली. सुरुवात बारा वेळा, तीन फेऱ्या, मग पाठीवर पिशवीत वजन वाढवत वेळा कमी करा. दुखणं दहापैकी तीन-चारपर्यंत चालेल, दुसऱ्या सकाळी पूर्ववत झालं पाहिजे. फरक पडायला महिने लागतात, दोन आठवड्यांत सोडून देऊ नका.

मीठभाकर

सगळ्यांचे मनापासून आभार. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांची वेळ घेतली आहे. सोबत काय न्यायचं? पायमोजे चालतील का?

घोटा

एका कागदावर लिहून न्या : कुठे (पावलाचं चित्र काढून पेनानं रंगवा), केव्हा वाढतं, टकटकीनं झिणझिणी कुठवर गेली, डाव्या बोटांची बधिरता कधीपासून, मेटफॉर्मिनची मात्रा आणि वर्षं, इंजेक्शनाची तारीख. मग सरळ विचारा, 'टार्सल टनेल आणि न्यूरोपथी दोन्हींसाठी तपासायचं का?' आधी बी-१२ आणि साखर, मग सोनोग्राफी, नंतर एनसीव्ही. एमआरआय सोनोग्राफीत काही दिसलं किंवा उलगडा झाला नाही तर. शस्त्रक्रियेचा विषय निघाला तर एवढं लक्षात असू द्या : बोगद्यात गाठ सापडली तर ती काढून चांगला गुण येतो, नुसत्या न्यूरोपथीत बोगदा उघडून फारसा येत नाही.

शुश्रूषा

घट्ट पायमोजे फुगलेल्या वाहिन्यांसाठी ठीक, पण मधुमेहात आधी पायाची नाडी आणि डॉप्लर बघूनच.

मधल्या काळात पाऊल एकदम गरम, लाल, सुजलेलं झालं आणि त्या मानानं दुखत नसेल तर वेळेची वाट बघू नका. मधुमेहातल्या शार्को पायाची सुरुवात तशीच असते, त्याला पायाचा जंतुसंसर्ग समजून आठवडे फुकट जातात आणि तोवर हाडं ढासळतात. त्याच दिवशी दाखवा आणि तोवर पाय टेकवू नका.

एनसीव्हीच्या दिवशी पायाला तेल-क्रीम काही लावू नका. पाय गार असतील तर खोलीत थोडा वेळ पांघरुणात ठेवून कोमट होऊ द्या. गार पायात नसेचा वेग कमी मोजला जातो आणि अहवाल विनाकारण बिघडलेला येतो.